कूकला कंटाळवाणा म्हणायच्या आधी अहमदाबाद आठवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडच्या कॅप्टन लोकांवर पानभर मजकूर होता, सगळा वाचला. स्टोक्स आणि त्याच्या हाणामारीच्या बॅटिंगला, म्हणजे बॅझबॉलला अर्धं पान, बोथमचा मोठा फोटो, पीटरसनला वेगळी चौकट, आणि ॲलिस्टर कूक खाली कोपऱ्यात दीड ओळीत उरकलेला. धावा भरपूर केल्या पण बघायला कंटाळवाणा होता, एवढंच. आता बोथम ऑलराउंडर म्हणून बाप माणूस, त्यात वादच नाही, पण कॅप्टन म्हणून त्यानं १२ कसोट्या काढल्या आणि त्यातली एकही जिंकली नाही, पीटरसन तर ३ कसोट्यांचा कॅप्टन. आणि ज्यानं ५९ कसोट्यांत टीम सांभाळली, आपल्या घरात येऊन आपल्यालाच मालिकेत हरवून गेला, त्याला दीड ओळ! म्हणून हे पत्र लिहायलोय. लांबलंय जरा, कापायचं असेल तर माझी बडबड कापा, कूकचं तेवढं राहू द्या.

त्याची सुरुवात तर आपल्या शेजारूनच झाली, नागपूरहून. मार्च २००६ ची गोष्ट. इंग्लंडचा ट्रेस्कॉथिक दौरा अर्धवट सोडून घरी गेला, कॅप्टन वॉनचा गुडघा गेला, टीमची पार वाट लागलेली, फ्लिंटॉफच्या गळ्यात कॅप्टनशिप पडली. कूक तेव्हा ए टीमबरोबर वेस्ट इंडिजमध्ये होता, तिथून त्याला उचलून विमानात बसवला आणि नागपूरला आणून उभा केला. २१ वर्षांचं पोरगं, दिवस कुठला रात्र कुठली याचा अजून मेळ नाही, समोर इरफान पठाणचा स्विंग, मग कुंबळे, हरभजन. पहिल्या डावात ६०, दुसऱ्या डावात नाबाद १०४. मॅच तेव्हा जामठ्याच्या नव्या स्टेडियमला नव्हती, सिव्हिल लाइन्सच्या जुन्या ग्राउंडवर होती. आमच्या मोंढ्यातले दोघंतिघं एसटीनं गेले होते, अर्थात सचिनला बघायला, आणि आल्यावर सांगायलेत काय, तर एक उंच गोरं पोरगं नुसतं बाहेरचे बॉल सोडत होतं, वैताग आणला त्यानं. सचिनला त्या मॅचमध्ये इंग्लंडच्या स्पिनर पनेसरनं काढलं, ती पनेसरची कसोटीतली पहिलीच विकेट, श्रीसंतचीही ती पहिलीच कसोटी, आपल्या वसीम जाफरनं शेवटच्या दिवशी शंभर केले आणि मॅच ड्रॉ झाली. म्हणून त्या पोराची सेंच्युरी फारशी कुणाच्या ध्यानात राहिली नाही. मुंबईची तिसरी कसोटी त्याची हुकली, पोट बिघडलं म्हणून. पण बघा, अख्ख्या करिअरमध्ये हुकलेली ती एकच कसोटी. मे २००६ पासून ते सप्टेंबर २०१८ पर्यंत लागोपाठ १५९ कसोट्या खेळला तो. ओपनर म्हणजे दरवेळी नवा बॉल, दरवेळी समोर ताज्या दमाचे बॉलर, बोटं, बरगड्या, गुडघे, कधी ना कधी काहीतरी मोडतंच माणसाचं. बारा वर्षं एकही मॅच न सोडता हे करायचं म्हणजे गंमत नाही.

लहानपणाचं थोडं सांगतो कारण ते कुणी छापत नाही. जन्म २५ डिसेंबर १९८४, ग्लॉस्टरचा. आठव्या वर्षी लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या शाळेत, तिथंच हॉस्टेलला राहायचं आणि चर्चमध्ये गाणारी जी पोरांची टोळी असते त्यात गायचं, रोज तालीम, वरून अभ्यास. आपल्याकडं वारकरी संस्थेत पोरं राहतात ना आळंदीला, साधारण तसला प्रकार. एका जागी तासन् तास चित्त लावून उभं राहायची सवय तिथं लागली असं तो स्वतःच सांगतो. तिथून बेडफर्डच्या शाळेत गेला. तिथला किस्सा भारी आहे. एमसीसी या लंडनच्या जुन्या क्लबची टीम शाळेशी मॅच खेळायला आली, त्यांचा एक माणूस कमी पडला, तर या नवीन पोराला म्हणले जा तू तिकडून खेळ, आणि यानं आपल्याच शाळेच्या बॉलरांना धुऊन सेंच्युरी काढली. मग एसेक्स कौंटी, तिथं ग्रॅहम गूच गुरू म्हणून भेटला. २००५ ला ऑस्ट्रेलियाची टीम ॲशेस, म्हणजे इंग्लंडबरोबरची कसोटी मालिका, खेळायला आली होती तिच्याविरुद्ध एसेक्सकडून २१४ मारले, तेव्हा लोकांच्या डोळ्यात भरला.

आता मुद्द्यावर येतो, कंटाळवाणा.

साहेब, मी शेती करतो, कापूस-सोयाबीन, आणि संध्याकाळी गावातल्या पोरांना नेट लावून देतो. कोच वगैरे नाही, सर्टिफिकेट नाही, आवड आहे. कूककडं शॉट किती होते ते मी पोरांना बोटावर मोजून दाखवतो. आखूड आणि बाहेर टाकला की कट. आखूड आणि अंगावर आला की पुल. पायावर आला की लेगला ढकलायचा. स्पिनरला थोडासा स्वीप. झालं, दुकान बंद. कव्हर ड्राइव्ह मारला की आपल्यालाच धाकधूक व्हायची. डेव्हिड गोवरसारखी नजाकत नाही, पीटरसनसारखी दादागिरी नाही, बॅट उचलायची पद्धत तर बघवत नाही. आणि एवढ्या चार शॉटवर १६१ कसोट्या, १२,४७२ रन, ३३ सेंच्युऱ्या. इंग्लंडकडून दहा हजाराच्या वर जाणारा पहिला माणूस तोच. हे कसं जमलं? तर जे येत नाही ते करायचंच नाही. चौथ्या स्टंपवरचा, म्हणजे ऑफ स्टंपच्या जरा बाहेरचा बॉल सोडायचा, पुढचा सोडायचा, त्याच्या पुढचाही सोडायचा. बॉलर वैतागतो, त्याला वाटतं आता आत टाकून बघू, आत टाकला की पायावर, पायावर आला की दोन रन. त्याचे रन म्हणजे ठिबकचं पाणी होतं, वावरात उभं राहून बघितलं तर काही चालू आहे असं वाटतच नाही, आणि संध्याकाळी बघावं तर बुड ओलं झालेलं असतं.

नेटमध्ये मी ऑफ स्टंपच्या बाहेर एक वीत सोडून चुन्याची रेघ मारतो. रेघेच्या बाहेरच्या बॉलला बॅट लावली की आउट. पहिल्या दिवशी सगळी पोरं पाच मिनिटांत आउट होतात आणि चिडतात, काका हे काय क्रिकेट आहे का. मोबाइलवर कूकची बॅटिंग दाखवली तर म्हणतात ह्याच्यात बघायचं काय, हा तर काहीच करत नाही. मी म्हणतो तेच बघायचंय बाबा.

आणि हे काय फक्त गोऱ्यांचं आहे असं नाही. आपल्या बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर. २००२, हेडिंग्ले, ढगाळ हवा, बॉल हातभर स्विंग व्हायला लागलेला, समोर नासिर हुसेनची इंग्लंडची टीम, आणि गांगुलीनं टॉस जिंकून पहिली बॅटिंग घेतली. लोकांना द्रविडचे १४८, सचिनचे १९३, गांगुलीचे १२८ पाठ आहेत. बांगरचे ६८ कुणाला आठवतात का? ओपनिंगला येऊन दोनशेच्या वर बॉल खेळला, द्रविडबरोबर १७० ची भागीदारी केली, नव्या बॉलचा जीव काढून घेतला आणि मग बाकीच्यांनी ताव मारला. एक डाव आणि ४६ रननी जिंकलो आपण. मराठवाड्यातल्या कुठल्याही क्रिकेट क्लबच्या भिंतीवर त्या ६८ चं स्कोअरकार्ड लावलेलं मी तरी बघितलेलं नाही, सिक्स मारणाऱ्यांचे फ्लेक्स मात्र चौकाचौकात.

कूकचं सगळं सरळ चाललं असंही नाही. २०१० च्या उन्हाळ्यात त्याची बॅट पार रुसली होती, तिकडच्या पेपरांत काढा काढा चाललं होतं, पाकिस्तानविरुद्ध ओव्हलला ११० मारले म्हणून वाचला आणि ॲशेसच्या विमानात बसला. आणि ऑस्ट्रेलियात जाऊन काय केलं, तर ७ डावांत ७६६ रन. ब्रिस्बेनला पहिल्या डावात पीटर सिडलनं हॅट्ट्रिक घेतली, त्या हॅट्ट्रिकमधली पहिली विकेट कूकचीच, ६७ वर. ऑस्ट्रेलियानं ४८१ केले. सगळे म्हणले संपलं. दुसऱ्या डावात इंग्लंडचा स्कोअर ५१७ ला एक बाद! छापताना चूक झाली वाटेल असा स्कोअर. त्यात कूक नाबाद २३५. त्या दौऱ्यात तो सगळं मिळून ३६ तास क्रीझवर उभा होता. घाम येत नाही त्याला फारसा, ग्लोव्हज बदलत नाही, टीममधले पोरं त्यावरून चेष्टा करायचे. परभणीच्या मे महिन्यात आणून उभा करायला पाहिजे होता एकदा, मग बघितलं असतं!

आता २०१२. ते तुमच्या लेखात एका शब्दानं नाही म्हणून जास्त लिहितो.

कॅप्टन स्ट्रॉसनं ऑगस्टमध्ये रिटायरमेंट घेतली, कूक कॅप्टन झाला आणि पहिलाच मोठा दौरा भारताचा. त्याच्या आधीच्या वर्षी इंग्लंडमध्ये आपण ४-० हरलेलो, एजबॅस्टनला याच कूकनं २९४ मारलेले, तो हिशेब आपल्याला चुकता करायचा होता. वरून पीटरसनचं भांडण, दक्षिण आफ्रिकेच्या खेळाडूंना मेसेज पाठवले म्हणून टीमबाहेर काढलेला, त्याला परत घ्यायचं का नाही यावर सगळीकडं कल्ला. कूकनं त्याला परत घेतलं. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला आलं.

अहमदाबादला आपण ५२१ वर डाव सोडला, सेहवागची सेंच्युरी, पुजाराचे नाबाद २०६. इंग्लंड १९१ मध्ये गुंडाळलं, फॉलोऑन, म्हणजे लगेच परत बॅटिंगला. आम्ही टीव्हीच्या दुकानासमोर उभे होतो, म्हणलं उद्या जेवणाच्या आत संपतंय. आणि हा माणूस नऊ तासांच्या वर खेळला हो. १७६. अश्विन आणि ओझाला एकतर पार मागं जाऊन स्टंपाला टेकेपर्यंत उशिरा खेळायचा, नाहीतर सरळ पुढं पाय टाकून टप्प्यावर, मधलं लटकणं नाहीच. आपल्या पिचवर बाहेरची पोरं मरतात ती त्या मधल्या लटकण्यात. प्रायर सोडला तर दुसऱ्या बाजूनं कुणी टिकलं नाही, मॅच आपण ९ विकेटनी जिंकलो आणि फटाके वाजले. पण त्या १७६ मधून इंग्लंडच्या ड्रेसिंग रूमला कळलं की इथं खेळता येतं, एवढं काही भूत नाही. मला विचारलं तर मालिका तिथंच फिरली, हरलेल्या मॅचमध्ये.

मग वानखेडे. धोनीला पहिल्या दिवसापासून वळणारी विकेट पाहिजे होती, ती मिळाली, टॉसही मिळाला, तीन स्पिनर घेतले, हरभजनसुद्धा. पुजारानं पुन्हा १३५ केले. आणि इंग्लंडनं काय केलं, तर कूक १२२ आणि त्याच परत घेतलेल्या पीटरसनचे १८६, दोघांची २०६ ची भागीदारी. पीटरसनचा तो डाव म्हणजे जादू होती, मी मान्य करतो, टाळ्या वाजवल्या मी स्वतः. पण जादूगाराला खेळ दाखवायला वेळ कुणी मिळवून दिला ते पण लिहा की. आपण मागितलेल्या विकेटवर पनेसरनं ११ आणि स्वाननं ८ विकेट काढल्या, आपण दुसऱ्या डावात १४२, त्यातले ६५ एकट्या गंभीरचे. इंग्लंड १० विकेटनी जिंकलं. खड्डा आपणच खांदला आणि आपणच पडलो.

कोलकात्याला कूकचे १९०. आउट कसा झाला ते बघा, बॉलरला जमलं नाहीच, नॉनस्ट्रायकरला असताना कोहलीचा थ्रो अंगावर आला म्हणून तो चुकवायला गेला आणि बॅट टेकवायचीच राहिली, रनआउट. करिअरमध्ये रनआउट व्हायची त्याची ती पहिलीच वेळ असं तेव्हा कॉमेंट्रीवाले सांगत होते. त्या सेंच्युरीनं इंग्लंडकडून सगळ्यात जास्त म्हणजे २३ शतकं त्याच्या नावावर झाली, हॅमंड, काउड्री, बॉयकॉट सगळे २२ वर अडकलेले. स्ट्रॉसच्या जागी आधी काढलेल्या दोन कसोट्या धरून कॅप्टन म्हणून पहिल्या पाचही कसोट्यांत शतक, असं आधी कुणी केलेलं नव्हतं. शेवटची कसोटी परत नागपूरला, आता जामठ्याला. तिथं बॅटनं तो फेल गेला, १ आणि १३, पण धोनी ९९ वर असताना मिडऑफवरून डायरेक्ट थ्रो मारून त्याला काढला कुणी? कूकनंच. मॅच ड्रॉ, मालिका २-१. गोवरच्या टीमनं १९८४-८५ ला इथं जिंकलं होतं त्याच्यानंतर थेट ही. आणि पुढं २०२४ ला न्यूझीलंड येऊन ३-० करून गेलं तोपर्यंत बारा वर्षं आपल्याला आपल्या घरात एकाही टीमनं कसोटी मालिकेत हरवलं नाही. ऑस्ट्रेलिया आली, दक्षिण आफ्रिका आली, खुद्द इंग्लंड स्टोक्सच्या बॅझबॉलसकट २०२४ ला आलं आणि ४-१ खाऊन गेलं. आता सांगा अर्धं पान कुणाला पाहिजे होतं.

मी काही कूकचा आंधळा भक्त नाही बरंका. कॅप्टन म्हणून डोकं लई चालायचं त्याचं असं मी म्हणणार नाही. समोरच्यानं दोन चौकार मारले की याचे फिल्डर पांगलेच, स्लिप काढून टाकायची, स्पिनरला मिडऑन मागं, बघून चिडचिड व्हायची. २०१३ ला घरी ॲशेस ३-० जिंकली आणि त्याच हिवाळ्यात ऑस्ट्रेलियात जाऊन मिचेल जॉन्सनसमोर ५-० हरून आला. त्याच्यानंतर पीटरसनला कायमचं काढलं, ते प्रकरण बोर्डानं आणि कूकनं फार वाईट हाताळलं, लोकांना कारण कळायला पाहिजे होतं ते कितीतरी महिने कुणी धड सांगितलंच नाही. वनडेत तर २०१५ च्या वर्ल्डकपच्या तोंडावर त्यालाच कॅप्टनशिपवरून आणि टीममधून काढलं, आणि खरं सांगायचं तर त्यात इंग्लंडचं पुढं भलंच झालं. वनडेचा गडी नव्हताच तो.

पण २०१४ चा साउथहॅम्प्टन विसरू नका. वर्षाच्या वर झालं होतं सेंच्युरी नाही, लॉर्ड्सला ईशांत शर्मानं ७ विकेट काढून त्यांना हरवलेलं, मोठेमोठे माजी कॅप्टन टीव्हीवर बसून राजीनामा दे म्हणायलेत. कूक १५ वर असताना पंकज सिंगच्या बॉलवर स्लिपमध्ये जडेजानं कॅच सोडला. पंकज सिंगची पहिलीच मॅच, बिचाऱ्याला त्या मॅचमध्ये एकही विकेट मिळाली नाही. कूक ९५ पर्यंत गेला, इंग्लंडनं ती कसोटी जिंकली, पुढच्या दोन पण जिंकल्या, मालिका ३-१. एक कॅच! त्याच मालिकेत ट्रेंटब्रिजला कूकनं स्वतः बॉलिंग टाकून ईशांतची विकेट काढली, त्याची कसोटीतली एकुलती एक, बॉब विलिसची नक्कल करत टाकलेली. म्हणजे मस्करी येत होती माणसाला, तोंडावर दिसायची नाही एवढंच.

२०१५ ला अबुधाबीत पाकिस्तानविरुद्ध ८३६ मिनिटं खेळला, २६३. जवळजवळ चौदा तास. तुमच्या लेखकाला चौदा तास म्हणजे कंटाळा वाटत असेल, तर आधी त्यांनी एक तास उन्हात पॅड घालून उभं राहून बघावं.

२०१६ ला परत इथं आला तेव्हा मात्र आपण उट्टं काढलं. मुंबईत इंग्लंडनं ४०० केले तरी डावानं हरले, चेन्नईत ४७७ केले तरी डावानं हरले, करुण नायरचे नाबाद ३०३ त्याच मॅचमधले. ४-०. जडेजानं कूकला परत परत काढला. फेब्रुवारी २०१७ ला कॅप्टनशिप सोडली, ५९ कसोट्या, २४ जिंकल्या २२ हरल्या. आणि सोडल्यावर रुसून बसला नाही, जो रूटच्या हाताखाली गुमान ओपनिंगला जात राहिला, त्यातच मेलबर्नला नाबाद २४४ ठोकले, सुरुवातीला आला तो शेवटपर्यंत. आपल्याकडं सोसायटीचं चेअरमनपद गेलं तरी माणूस मीटिंगला यायचं बंद करतो.

शेवट ओव्हलला, सप्टेंबर २०१८, समोर पुन्हा भारत. पहिल्या डावात ७१. दुसऱ्या डावात ९६ वर असताना जडेजाला कट मारून एक रन काढला, बुमराहनं उगंच जोरात थ्रो फेकला, मागं कुणीच नाही, बॉल बाउंड्रीला, एकाचे पाच झाले आणि सेंच्युरी. अख्खं ग्राउंड उभं, टाळ्या थांबेचनात, पुढचा बॉल टाकायला वेळ लागला. १४७ वर हनुमा विहारीनं काढला, ती विहारीची पहिलीच कसोटी. पहिल्या आणि शेवटच्या कसोटीत शतक करणारे जगात आधी चारच होते, त्यातला एक आपला अझरुद्दीन. नंतर त्याला सर केलं राणीनं. आणि सर झाल्यावर काय केलं? एसेक्सकडून कौंटी खेळायला गेला. दोनपाचशे लोक बघायला, थंडी, ढग, अंगात स्वेटर, आणि हा नव्या बॉलला वाकून उभा. २०१९ ची चॅम्पियनशिप जिंकली, २०२३ पर्यंत खेळला.

बायकोच्या माहेरची शेती आहे बेडफर्डशायरला, मेंढ्या आहेत, मेंढ्या विणायच्या दिवसांत हा तिथं रात्रीचा जागा राहायचा, ट्रॅक्टर चालवायचा. इंग्लंडचा कॅप्टन असताना. आमच्या गावच्या धनगर गल्लीत मी हे सांगितलं तर एक आजोबा म्हणले, मग तो आपलाच की. त्यांना क्रिकेटातलं काही कळत नाही, पण अशा माणसाला दम कुठून येतो ते त्यांना बरोबर कळलं.

आता आपल्या इकडचं. आमच्याकडं उन्हाळाभर टेनिस बॉलच्या टूर्नामेंटा चालतात, कुणाचा ना कुणाचा चषक, सहा ओव्हरची मॅच, डीजे, माइकवर ओरडणारा एकजण, सिक्स गेला की शंभरची नोट. मी विरोधात नाही, मी पण खेळलोय त्याच्यात, मजा येते. पण पोरगं वर्षभर तेच खेळलं आणि मग अंडर-१६ च्या निवडीला लेदर बॉलवर गेलं की पहिल्या पाच ओव्हरमध्ये स्लिपमध्ये कॅच देऊन परत येतं. जालन्याचा विजय झोल, पैठणचा अंकित बावणे, २०२४ च्या अंडर-१९ वर्ल्डकपमधला बीडचा सचिन धस, ही पोरं पुढं गेली ती काय फक्त हाणामारीवर गेली नाहीत, तासन् तास उभं राहून गेली. झोलनं तर महाराष्ट्राच्या अंडर-१९ टीमकडून एका डावात नाबाद ४५१ केलेत. त्यासाठी किती बॉल सोडले असतील याचा विचार करा.

माझा पुतण्या ओपनिंगला जातो. यंदा जिल्ह्याच्या एका मॅचला सकाळी दहिवर पडलेलं, बॉल नुसता नाचायला लागला होता, दोन विकेट पटापट गेल्या, हा पठ्ठ्या नाष्ट्यापासून ड्रिंक्सपर्यंत उभा राहिला आणि ११ करून आउट झाला. बाहेर बसलेले लोक टुकूटुकू म्हणून ओरडत होते, संध्याकाळी त्याच्या सरांनी पुढच्या मॅचला त्याला आठ नंबरला टाकलं. ऊन वर आल्यावर चार नंबरला आलेल्या पोरानं जुन्या बॉलवर फिफ्टी मारली, त्याचा फोटो आला, याबाबत काही तक्रार नाही, चांगला खेळला तो. पण पेपरात पुतण्याच्या नावापुढं नुसते ११. वाचणाऱ्याला वाटणार दोन चौकार मारले आणि गेला.

तर एवढं करा साहेब. पुरवणीत कूकवर लेख छापायचा का नाही ते तुम्ही बघा, पण जिल्ह्याच्या मॅचचे स्कोअर छापता तेव्हा रनच्या पुढं किती बॉल खेळला ते पण छापत जा. रणजीचे, कसोटीचे छापता तसेच. स्कोअरबुकात ते लिहिलेलं असतंच, स्कोअरर पोरं इमानदारीनं एकेका बॉलचा ठिपका मारत असतात, तुमच्या तालुक्याच्या वार्ताहरानं मागितलं तर कुणीही पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवील.

आपला वाचक,
सेलू, जि. परभणी